नजमा शाखेचा अर्ज

आमच्या मंडळाची घटना मी लिहिली, हे आधीच सांगून टाकतो. नंतर दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं.

कतारात, दोहा शहरात, मराठी माणसं नक्की किती, हे कोणालाच ठाऊक नाही. पण मंडळ एक आहे आणि त्याच्या शाखा चार. अल थुमामाची शाखा आमची, म्हणजे तेल आणि वायूच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या पुण्या-नाशिककडच्या कुटुंबांची. नजमा या वस्तीतली शाखा म्हणजे एकेका खोलीत सहा-सहा जण राहणारे एकटे पुरुष, बहुतेक रत्नागिरी-रायगडचे. कोणी एसी दुरुस्त करतो, कोणी दुकानात उभा असतो, कोणी गाडी चालवतो. उरलेल्या दोन शाखांची नावं सांगत नाही, कारण त्या फक्त भांडण्यापुरत्या जाग्या होतात. तीन वर्षांपूर्वी ही भांडणं फार वाढली. हॉल कोणाला मिळायचा, मंडळाचं नाव कोणी वापरायचं, मुंबईहून आलेल्या पाहुण्याला विमानतळावर कोणी घ्यायला जायचं. शेवटी अध्यक्ष अनंतराव मला, म्हणजे मंडळाच्या सचिवाला, म्हणाले, "सदानंद, तू जन्मभर कागद तपासलेस. एकदाची घटना लिहून टाक."

कागद तपासणं हाच माझा धंदा आहे. वायू कंपनीत मी डॉक्युमेंट कंट्रोलचा प्रमुख. साध्या व्हॉल्व्हचा नकाशाही माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्यावर मी तीनपैकी एक शिक्का मारतो: मंजूर, शेऱ्यांसह परत, नामंजूर. एकवीस वर्षांत सगळ्यात जास्त मधला शिक्का झिजलाय.

माझी मुलगी नुपूर तेव्हा नववीत होती, अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत. तिचं अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचं पुस्तक जेवणाच्या टेबलावर पडलेलं असे. एका शुक्रवारी मी ते चाळायला घेतलं आणि हरखूनच गेलो. एकमेकांवर काडीचा विश्वास नसलेली तेरा राज्यं, तरीही एक देश! युक्ती अशी की केंद्राची कामं मोजून लिहायची, आणि जे लिहिलं नाही ते आपोआप राज्यांकडे ठेवायचं. केंद्राच्या हद्दीत मात्र राज्याने त्याच्या आड यायचं नाही. मी हे जसंच्या तसं उचललं आणि केंद्राच्या जागी मंडळ, राज्यांच्या जागी शाखा घातल्या. वॉशिंग्टनची व्यवस्था नजमाच्या खोल्यांना लावणारा मी. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच, आणि इथे उंटही आहेत.

अनंतराव खूश झाले. "दोनशे वर्षांहून जास्त चाललीय ना तिकडे? मग आपल्याकडे पुढच्या गणपतीपर्यंत चालायला हरकत नाही."

घटनेत रुग्णसेवेबद्दल एक अक्षर नव्हतं, कारण ती कोणाला सुचलीच नव्हती. म्हणून ती शाखांकडे राहिली, म्हणजे नजमाकडे राहिली, म्हणजे रहमानकडे राहिली. रहमान दापोलीकडचा, पन्नाशी उलटलेला, नजमातल्या एका कॅफेटेरियाचा मॅनेजर. कोणीही एकटा मराठी माणूस इस्पितळात पडला की त्याला दोन वेळचा डबा जायचा, आणि भेटीच्या वेळात आळीपाळीने एकजण त्याच्या उशाशी बसायचा. हिंदू की मुसलमान, सभासद की उपरा, कोणी विचारत नसे. नजमा शाखेचं स्वतःचं लेटरहेड होतं. त्यावर माणसाचं नाव लिहून वॉर्डात दाखवलं की आत सोडत. हे सगळं बारा वर्षं चालू होतं, आणि मंडळाला त्याची आठवण फक्त वार्षिक अहवालात फोटो छापताना यायची.

मग पेजेचं प्रकरण झालं.

गेल्या वर्षी एका माणसाचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. पलंगावर पाटी होती, तोंडाने काहीही देऊ नये. नजमाच्या स्वयंसेवकाने सकाळी त्याला वाटीभर पातळ पेज पाजली, मीठ घालून. नर्सने हिंदीत विचारलं, खाना तो नहीं दिया? तो म्हणाला, नहीं. खोटं बोलला नाही बिचारा. कोकणात पेजेला जेवण कोण म्हणतं? भूल दिल्यावर त्या माणसाला उलटी झाली, ती छातीत गेली, आणि तो तीन दिवस अतिदक्षता विभागात होता. वाचला. इस्पितळाने मंडळाला पत्र पाठवलं: यापुढे मंडळाच्या मध्यवर्ती कार्यालयाचं सही-शिक्क्याचं पत्र असेल, तरच तुमचा माणूस आत येईल.

मी रहमानला फोनवर फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, चूक झाली, कबूल. पण पेज म्हंजे जेवण नाय वो. ती पाण्यातच धरतात." त्या उत्तराने माझं डोकं आणखी फिरलं.

पंधरा दिवसांत मी घटनादुरुस्ती आणली. नजमाचं लेटरहेड रद्द. प्रत्येक रुग्णासाठी आठ रकान्यांचा अर्ज, त्यावर आधी माझी छाननी, मग अध्यक्षांची मान्यता, मग पत्र. रहमानला मी लिहून कळवलं की यापुढे एकही उल्लंघन झालं तर शाखेची मान्यता रद्द होईल आणि डबा सेवा कायमची थांबेल. ते वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते शैलजाला, माझ्या बायकोला, वाचूनही दाखवलं होतं. ती म्हणाली, "एवढं कडक कशाला?" मी म्हटलं, "माणूस मरता मरता वाचलाय." आणि ते खरंच होतं, ते आजही खरं आहे.

आता शशिकांतचं सांगतो.

शशिकांत चोपन्न वर्षांचा, गुहागर तालुक्यातला, एसीचे डक्ट बसवणारा. अठरा वर्षं कतारमध्ये. मी त्याला एकदाच पाहिलं होतं, एशियन टाउनमधल्या मंडळाच्या कार्यक्रमात. खुर्च्या लावत होता. एका शनिवारी सकाळी खोलीतच त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, आणि त्याबरोबर अठरा वर्षांत जमवलेली हिंदी आणि कामापुरती अरबीही गेली. उरली ती फक्त घरची बोली, तीही तुटक. पेजेचं प्रकरण झालं त्याच इस्पितळात त्याला नेलं. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस, येऊन सह्या करून गेला. खोलीतले सोबती भेटायला गेले, तर वॉर्डाच्या दारातच विचारलं, पत्र कुठाय?

रविवारी दुपारी रहमानचा फोन आला. मी ऑफिसात होतो.

"भाऊ, माणूस घाबरलाय. नर्स हिंदीत इचारते, ह्याला कायच उमगत नाय. आपलं बोलणारं कोणतरी बाजूला पायजे. आज कोणाला पाठवू?"

"अर्ज पाठवा."

"पाठवलाय, व्हॉट्सअ‍ॅपवर बघा."

बघितला. मळक्या टेबलावर ठेवून काढलेला फोटो. सातवा रकाना रिकामा: रुग्णाच्या खाण्यापिण्याबाबत डॉक्टरांची सूचना. पेजेनंतर मीच घातलेला रकाना. मी तो अर्ज शेऱ्यांसह परत केला.

त्याचा लगेच फोन. "भाऊ, ही सूचना आत गेल्याबिगर कशी कळणार? आणि पत्राबिगर आत कसं जाणार?"

"वॉर्डात फोन करून विचारा."

"ते फोनवर सांगत नायत."

"मग मार्ग काढा, रहमानभाई. नियम सगळ्यांना सारखा."

बोलताना मला कंटाळा आला होता, हे कबूल करतो. समोर चाळीस नकाशे पडले होते. मंडळाचं काम मी नेहमी नकाशांच्या मधल्या वेळात करतो, आणि दर वेळी वाटतं की हे दुसऱ्या कोणीतरी करावं. पण दुसऱ्याने केलं की मला ते पटत नाही.

सोमवारी सकाळी रहमानने मार्ग काढला. त्याच्या कॅफेटेरियात चहा प्यायला येणारी एक मल्याळी नर्स होती, तिने आत विचारून सांगितलं: नळीने अन्न चालू आहे, तोंडाने काही नाही. अर्ज पूर्ण झाला. मी दुपारी बाराच्या आत तो तपासून अनंतरावांकडे पाठवला. माझ्या बाजूने उशीर शून्य, असं मी मनात नोंदवलंही. अनंतराव पुतण्याच्या मुंजीला पुण्यात होते. मेसेजवर एकच खूण आली, दुसरी आली नाही.

चार वाजता रहमानचा फोन. "झालं का?"

"अध्यक्षांकडे आहे. उद्या, इन्शाल्ला."

मी एरवी इन्शाल्ला म्हणत नाही. काम दुसऱ्याच्या गळ्यात टाकायचं असलं की तेवढ्यापुरतं म्हणतो. रहमान मात्र तो शब्द मनापासून वापरणारा माणूस. तो "बरं" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मंगळवारी अनंतरावांचं उत्तर नाही. संध्याकाळी घरी आलो तर नुपूर टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. आता ती बारावीत आहे. मी मराठीत विचारतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते, हे आमच्याकडे ठरूनच गेलंय. तिला निबंध लिहायचा होता: राज्यांची स्वायत्तता आणि केंद्राची देखरेख यांचा तोल. म्हटलं, चला, आपल्या आवडीचा विषय.

"केंद्र लागतंच," मी म्हणालो. "नाहीतर जो तो आपल्याच मनाचं करतो."

ती मान्य करत होती. दक्षिणेकडच्या राज्यांनी काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळांत येऊ दिलं नाही, तेव्हा केंद्राला सैनिक पाठवावे लागले, हे तिने मला सांगितलं. राज्यांवर सोडलं असतं तर ती मुलं दाराबाहेरच राहिली असती. मला बरं वाटलं. आपण पेजेच्या वेळी केलं ते हेच, असं वाटलं.

मग तिने पान उलटलं. एक मोठं वादळ आलं होतं, शहर पाण्यात गेलं होतं. नंतर राज्य म्हणालं, आम्ही मदत मागितली होती. केंद्र म्हणालं, पण योग्य पद्धतीने मागितली नव्हती. तिने लिहिलेलं मी वाचलं.

"मग चूक कोणाची?" मी विचारलं.

"दे बोथ वेटेड, बाबा," ती म्हणाली. "अँड पीपल वेअर ऑन द रूफ्स."

मी तिला शशिकांतचं सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. तिने टाइप करणं थांबवलं आणि चक्क मराठीत विचारलं, "म्हणजे आता त्यांच्याजवळ कोणीच नाहीये?"

"असं कसं? रहमान गेला असणार."

"तुम्ही लेटर दिलं?"

"नाही. पण त्याच्याकडे जुन्या लेटरहेडचे कागद असणारच, आणि दारावरचा माणूस शिक्का कोणाचा ते कुठे बघतोय. फाडून टाकले म्हणाला होता, पण तो कसला फाडतोय. गेला असेल गुपचूप. रहमान आहे तो."

"तुम्ही त्यांना विचारलं का?"

विचारलं नव्हतं, आणि मुद्दामच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्याने "गेलो होतो" म्हटलं असतं, आणि मग सचिव म्हणून मला कारवाई करावी लागली असती. न विचारण्यात दोघांचीही सोय होती. साप मरावा आणि काठीही मोडू नये, अशी माझी व्यवस्था. खरं तर मुळात एवढा कडक नियम मी करू शकलो तो याच भरवशावर, की वेळ आली की रहमान तो मोडेल. हे नुपूरला सांगण्यासारखं नव्हतं. मी तिला म्हटलं, "तू तुझा निबंध लिही."

बुधवारी दुपारी अनंतरावांचं उत्तर आलं. मुंज छान झाली होती. अर्जाला त्यांची तत्त्वतः मान्यता होती, पण शुक्रवारच्या बैठकीत ठेवून मग पत्र द्यावं. पेजेसारखं पुन्हा नको. मी ते जसंच्या तसं रहमानला पुढे पाठवलं. त्याने वाचलं, हे निळ्या खुणांवरून दिसलं. उत्तर आलं नाही. मला वाटलं, गेला असेल वॉर्डात.

गुरुवारी सकाळी सव्वानऊला त्याचा फोन आला. "भाऊ, शशिकांत गेला. तुमाला यायला जमंल काय? कागदावर मंडळाचं कोणतरी लागंल."

मी गाडी काढली. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होतो: तुम्ही होतात जवळ, हे फार झालं, झालं गेलं, नियमाचं मी बघून घेतो. मोठ्या मनाने माफ करायची माझी तयारी झाली होती.

रहमान वॉर्डाबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, अंगात कॅफेटेरियाचा मरून शर्ट. मी शेजारी बसलो.

"किती वाजता?"

"साडेपाचला, म्हणतात."

"म्हणतात म्हणजे? तुम्ही नव्हतात?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आमाला कुठं आत सोडतात, भाऊ?"

"रात्री नाही, पण दिवसा? इतके दिवस?"

"कोणच नाय गेलं."

"अहो, पण जुनं लेटरहेड? तुमच्याकडे कागद असतील ना?"

"हायत की. सहा कागद हायत." तो खाली बघत राहिला. "तुमी लिवलं व्हतंत, मान्यता जाईल, डबा बंद. आत्ता दुसऱ्या इस्पितळात आपली दोन माणसं हायत, त्यांना डबा चालू हाय. उद्या आणखी कोण पडंल. आमी सगळे रविवारी बसलो, मंगळवारी परत बसलो. एकासाठी सगळ्यांचं घालवायचं काय? पोरं म्हणाली, जाऊ या. मीच नको म्हणालो. म्हटलं, सदानंदभाऊ हायत, ते बघतील."

मला त्याचा राग आला. खरं सांगतो, पहिली गोष्ट आली ती रागच. बारा वर्षं कोणाला न विचारता वॉर्डात शिरणारा हा माणूस, यालाच नेमका आता नियम पाळायचा होता? इतक्या वर्षांत मंडळाचा एकही नियम कोणी धड पाळला नाही, आणि पाळला तो हा. मग राग ओसरला.

वॉर्डातली नर्स कागद घेऊन बाहेर आली. तिने हिंदीत सांगितलं की तो पहिले तीन-चार दिवस सारखा बोलत होता, जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी सांगत होता. आम्ही मान हलवायचो, ती म्हणाली, पण समजत नव्हतं. मंगळवारनंतर त्याने बोलणं बंद केलं. मी जिथे बोट दाखवलं तिथे सही केली. सात रकाने होते की आठ, बघितलंही नाही.

एवढ्यात रहमानचा फोन वाजला. त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "नमितावैनी. त्याची बायको." गावाकडे कळवलं होतं मंदूबने, शशिकांतच्या भावाला.

त्याने फोन कानाला लावला. पलीकडे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. "व्हय वैनी," तो म्हणाला. "व्हय." मग बराच वेळ नुसताच ऐकत राहिला. त्याने फोन माझ्यापुढे धरला. "भाऊ, तुमी सांगा. मंडळाचे सायब हायत, वैनी, त्यांच्याशी बोला."

मी फोन घेतला. माझं नाव शेकडो कागदांवर असेल, पण असा फोन मी आजवर कधी घेतलेला नव्हता.

"सायब," ती म्हणाली. आवाज रडून बसलेला, पण ती शब्द सावकाश उच्चारत होती, मला नीट कळावं म्हणून. "रहमानभाईंनी शनिवारीच सांगितलं व्हतं, मंडळ हाय, काळजी नको. मी येक इचारते. शेवटाला त्यांच्याजवळ कोन व्हतं?"

रहमान भिंतीकडे बघत होता. मला खरं सांगता आलं असतं. अर्ज छाननीत होता, वहिनी. अध्यक्ष मुंजीला गेले होते. शुक्रवारी बैठक आहे.

"होतो आम्ही," मी म्हणालो.

"तुमी स्वतः व्हतात?"

"हो. मी होतो."

"तोंडात पानी घातलंत?"

"घातलं."

मग तिने कोणाला तरी मोठ्याने सांगितलं, "पानी घातलंनी रं, येकटं नव्हते." मागचं रडणं जरा कमी झालं. ती परत फोनवर आली.

"सायब, तुमचं नाव काय?"

मी सांगितलं.

"सदानंद," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा, हळू, पाठ करावं तसं, "सदानंद. पोराला सांगून ठेवते. आमच्या घरात तुमचं नाव राहील."